हात धरल्याचं वाक्य

"बाबा, तुम्ही नाटकात होतात ना?" सूनबाईनं विचारलं. ती नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची बॅगही अजून उतरवलेली नव्हती.

मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "नाटकात कुठला? विंगेत होतो. प्रॉम्प्टर."

"म्हणजे नक्की काय करायचात?"

"नटाला वाक्य आठवेनासं झालं की पुढचा शब्द सांगायचा. नटाला ऐकू जायला हवा आणि प्रेक्षकांना जायला नको."

"मग मला तुम्हीच हवे आहात," असं म्हणून ती समोरच्या खुर्चीत बसली.

ती ज्या कंपनीत आहे तिथे दवाखान्यांसाठी पलंग बनतात. चाकांचे, कठड्यांचे, डोक्याकडची बाजू दांड्यानं वरखाली करता येईल असे. तिथल्या दुरुस्ती विभागाची ती प्रमुख. जुने पलंग नीट करत बसण्यापेक्षा गिऱ्हाइकांना नवे विकावेत असं वरच्या मंडळींचं मत पडलं होतं आणि विभाग बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. तिच्या हाताखालच्या फिटरांना घरी बसावं लागणार होतं. तिला स्वतःला खरेदी खात्यात एक टेबल मिळणार होतं, पण त्याबद्दल ती बोलतच नव्हती. निर्णयावर सह्या होण्याआधी संचालकांपुढे आपलं म्हणणं मांडायची एक संधी तिनं मागून घेतली होती.

"मागच्या वेळी मी नुसत्या स्लाईड वाचत गेले," ती म्हणाली. "निम्मा वेळ माझी पाठ त्यांच्याकडे. मोठे साहेब फोन बघत होते. मधेच मान वर करून म्हणाले, थोडक्यात सांगता का? झालं. मला पुढचं काही सुचेचना. थँक यू म्हणून खाली बसले."

मला तिचं दुःख इतकं ओळखीचं वाटलं की धीर द्यायलाही शब्द सापडेना. वाचनालयातून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मी चांगलं ऐसपैस भाषण लिहून नेलं होतं, आणि उभा राहिल्यावर "आभारी आहे" एवढंच म्हणून खुर्ची चाचपत खाली बसलो होतो. माझ्याकडे बोलायला शिकायचं म्हणजे काठावर बसून राहिलेल्या माणसाकडे पोहायला शिकायचं. तसं मी तिला सांगितलंही.

"काठावर बसलाय म्हणून तर बुडणारी माणसं बघितली असतील त्यानं," ती म्हणाली. "शिवाय फी घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मला सगळं वाचून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकलं. ती भरभर बोलत होती आणि प्रत्येक वाक्याचा शेवट गिळत होती. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. शेवट गिळला की पलंग ऐकू येतो, दवाखाना ऐकू येतो, फिटर ऐकू येतो, फक्त झालं काय तेवढं कळत नाही.

"श्वास कुठे घेतेस तू?" मी विचारलं.

"घेते की. जिवंत आहे ना?"

"वाक्य संपल्यावर घे. आणि हे सगळं कोणाला सांगतेस?"

"संचालकांना."

"त्यातल्या कोणाला?"

तिनं जरा विचार केला. "छताला, बहुतेक."

इथपर्यंत मला जमलं. पुढे मात्र माझी मजल जाईना. आवाज कसा लावायचा, हात कुठे ठेवायचे, हे मी नुसतं पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. म्हणून मी बाईसाहेबांना फोन केला. आमच्या हौशी मंडळात त्या कायम राणी व्हायच्या आणि घरी गेल्यावरही बराच वेळ राणीच राहायच्या. आता गुडघे कुरकुरतात, पण आवाज होता तिथेच आहे.

त्या आल्या त्याच मुळी "कुठे आहे ती मुलगी?" असं जिन्यातूनच विचारत. मला म्हणाल्या, "काय रे कुजबुजे, अजून पुस्तकातच का?" मंडळात माझं नाव कुजबुजे पडलं होतं. खरं नाव तिथे फारसं कोणाला ठाऊक नसावं.

त्यांनी सूनबाईला बाल्कनीच्या टोकाला उभं केलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. "मी शेवटच्या रांगेतली बाई आहे. मला ऐकू आलं पाहिजे. ओरडायचं नाही, पोहोचवायचं. हं!"

"हातांचं काय करू?" बाल्कनीतून प्रश्न आला.

"तुझेच आहेत ना? मग पाहुण्यांसारखे काय लटकवून ठेवलेस?"

दोघींचं जमलं. बाईसाहेब एक दिवसाआड यायच्या. सूनबाई बोलायला सुरुवात करण्याआधी थांबायला शिकली, एकेका माणसाकडे बघायला शिकली, पडद्याकडे तोंड न करता बाजूला उभं राहायला शिकली. एका संध्याकाळी ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि आम्ही दोघं चहा घेत होतो. बोलता बोलता तिनं एका छोट्या दवाखान्यातली हकिगत सांगितली. पाठीचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी. जेवणासाठी पलंगाची बाजू वर केली आणि तिथेच अडकली. ना वर, ना खाली. तिला उचलून दुसरीकडे न्यावं तर पाठ हलवायची नाही. नर्सचा फोन आला, तसा थोरला फिटर हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. दांड्याच्या आतली खिटी तुटली होती आणि तशी खिटी आता कंपनी बनवतच नाही. त्यानं पलंगाखाली झोपून, पिशवीतल्या एका लोखंडी तुकड्याला कानस मारून तिथल्या तिथे नवी खिटी घडवली. ती बसवेपर्यंत चौकटीचं वजन खांद्यावर धरून ठेवलं. हे सांगताना सूनबाईनं इस्त्रीचं टेबल अर्धवट दुमडलं आणि त्याच्याखाली स्वतःचा खांदा लावून दाखवला.

मी म्हणालो, "अगं, हे स्लाईडवर कुठेच नव्हतं."

"हे काय स्लाईडवर घालायचं असतं का, बाबा? तिथे टक्केवारी लागते."

"टक्केवारी नंतर," बाईसाहेब उसळल्या. "पडदा इथेच उघडायचा! फक्त शेवट नाही गं याला. काम झालं, मग? म्हातारीनं काय केलं?"

"ती? ती खरं तर त्याला..."

"हात धरला!" बाईसाहेबांनी मधेच पकडलं. "म्हातारीनं त्याचा हात धरला. बस्स. काळोख. टाळी."

"पण तिनं तसं काही..."

"धरलाच असेल. नसेल धरला तर धरायला हवा होता. कुजबुजे, सांग हिला."

मी काय सांगणार? आयुष्यभर वाचत आलेल्या माणसाला हकिगतीचा शेवट नीट लागला की बरं वाटतं. मी मान डोलावली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्याला जोडही दिली: "म्हातारीनं त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही." बाईसाहेबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. सूनबाईनं इस्त्रीचं टेबल पुन्हा सरळ केलं.

माझ्या मुलानं रविवारी तालीम पाहिली. सोफ्यावर मांडी घालून सगळं मुकाट्यानं ऐकलं आणि म्हणाला, "छान. आता एक तलवार तेवढी द्या."

"वाईट झालं का रे?" तिनं विचारलं.

"वाईट नाही. पण ही तू नाहीस. काल मी विचारलं, पाणी देतेस का, तर आधी थांबलीस, मग माझ्या डोळ्यांत बघितलंस, मग म्हणालीस, देते. मी घाबरलो."

आम्ही सगळे हसलो, पण त्याचं बरोबर होतं. तिला वाक्यन्‌वाक्य पाठ झालं होतं आणि पाठ झालेलं कळत होतं. त्या दिवशी मी, बाईसाहेबांना न विचारता, एक गोष्ट केली. पाठ केलेली पानं तिच्याकडून काढून घेतली आणि म्हणालो, "आता तुझ्या मनानं बोल. अडलीस तर मी पहिला शब्द देईन. फक्त पहिला. पुढचं वाक्य तुझं तू कर." प्रॉम्प्टर तसंच करतो. सगळं वाक्य सांगितलं तर नट पोपट होतो. पहिला शब्द मिळाला की त्याला आपण काय म्हणत होतो ते आठवतं, आणि मग तो पुन्हा माणसासारखा बोलायला लागतो.

हे तिला मानवलं. ती बोलायची, मी दाराआड स्टुलावर बसायचो. रोज माझे शब्द कमी लागायला लागले. मी तिला विंगेतलं माझं जे काही थोडंफार ज्ञान होतं तेही दिलं. नट बोलता बोलता गप्प झाला की प्रॉम्प्टरला पटकन ठरवावं लागतं, हा थांबलाय की विसरलाय? थांबला असेल तर त्याचा श्वास छातीत भरलेला असतो. विसरला असेल तर नजर विंगेकडे वळते. "तेव्हा घाबरलीस तरी नजर हलवू नकोस," मी म्हणालो. "नजर हलली नाही तर लोकांना वाटतं, ही मुद्दाम थांबली."

"आणि तुम्हाला?"

"मला कळेल," मी म्हणालो. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात छातीठोकपणे सांगू शकत होतो.

मीटिंगच्या आदल्या दिवशी निरोप आला की मोठे साहेब परगावी अडकलेत, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या जागेवरून लॅपटॉपवर बसायचं. कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्राचा आवाज, म्हणून सूनबाईनं घरूनच बोलायचं ठरवलं. माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटासमोर टेबल मांडलं. ते बघून मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची खुर्ची कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवली की झालीच विंग." मी वरवर नको नको म्हटलं. आतून मला इतका आनंद झाला होता की सकाळी दाढी दोनदा केली.

मी लॅपटॉपच्या बाजूला, भिंतीला टेकून बसलो. तिथून मला ती दिसत होती आणि तिरकस कोनातून पडदाही. चौकोनाचौकोनांत चेहरे. एकाच्या मागे पंखा फिरत होता. मोठे साहेब हॉटेलच्या खोलीत असावेत, त्यांच्यामागे न आवरलेला पलंग होता. ते खाली कुठेतरी बघत होते. पुन्हा फोनच असणार.

तिनं सुरुवात केली. स्लाईड लावली नाही. म्हातारी, जेवणाचं ताट, अडकलेला दांडा. आवाज तिचा स्वतःचा होता, बाईसाहेबांचा नव्हता, आणि वाक्यांचे शेवट ऐकू येत होते. फिटर पलंगाखाली शिरला तेव्हा मोठ्या साहेबांनी मान वर केली. त्यानं खांदा लावला तेव्हा पंख्यावाल्या चौकोनातला माणूस पुढे झुकला. मी हात मांड्यांवर घट्ट दाबून बसलो होतो.

"...खिटी बसली. नर्सनं दांडा फिरवला. पलंग हळूहळू खाली आला," ती म्हणाली, आणि थांबली.

इथे थांबायचंच होतं. हात धरल्याचं वाक्य यायच्या आधी एक क्षण. पण तो क्षण गेला आणि ती बोलेना. मी तिच्याकडे पाहिलं. श्वास छातीत भरलेला होता. म्हणजे थांबली होती. आणि तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे वळली. म्हणजे विसरली होती. दोन्ही खुणा एकदम मी कधी पाहिल्या नव्हत्या. पडद्यावर कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. माझ्यातल्या प्रॉम्प्टरनं मला विचारलं नाही.

"म्हातारीनं हात..." मी म्हणालो.

प्रॉम्प्टरचा आवाज बारीक असतो पण त्याला टोक असतं. तो सरळ माईकमध्ये गेला.

"कोण बोललं?" मोठ्या साहेबांनी विचारलं. एका चौकोनात कोणीतरी फिस्सकन हसलं.

त्या क्षणी कपाटात पुस्तकांच्या मागे लपता आलं असतं तर लपलो असतो.

"माझे सासरे," सूनबाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मला पुढचं वाक्य सांगत होते."

"म्हणजे पाठ करून आलात?"

"हो सर. तालमी केल्या."

"अस्सं." त्यांनी चष्मा काढला. "मग ती म्हातारी तरी खरी आहे की तीही बसवलेली?"

सगळं संपलं असं मला वाटलं. विभाग, ते फिटर, सगळं माझ्या दोन शब्दांपायी गेलं. माझ्या डोक्यात तिच्यासाठी एकही शब्द येत नव्हता, आणि आला असता तरी तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

"म्हातारी खरी आहे," ती म्हणाली. "पुढचं वाक्य खरं नव्हतं. तिनं फिटरचा हात धरला, असं मी म्हणणार होते. ते जिभेवर येईना, म्हणून थांबले. तिनं हातबित काही धरला नाही सर. तो पलंगाखाली होता तोवर ती त्याला शिव्या देत होती."

"शिव्या?"

"हो. पाठ अवघडून अडकून पडली होती बिचारी. म्हणाली, हा पलंग आहे की पिंजरा, बनवणाऱ्याला आधी ह्यात झोपवा. त्याच्या आईवडिलांपर्यंत पोहोचली. फिटरनं परत आल्यावर आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं." आता ती भरभर बोलायला लागली होती. वाक्यांचे शेवट पुन्हा पोटात जात होते आणि हात कुठल्या कुठे चालले होते. "आणि तिचं चुकलं नव्हतं. तो पलंग आपण विकलाय. कठड्यावर आपलं नाव आहे. ती खिटी बनवणं आपणच थांबवलं. तिला शिव्या द्यायला आपला एक माणूस तिथे होता, म्हणून त्या त्याच्यावर निभावल्या. विभाग बंद केलात तर ती कोणाला देणार? दवाखान्याला देणार. आणि दवाखाना तुमच्याकडून नवा पलंग घेणार नाही सर, तो दुसरीकडून घेणार. मी घेतला असता का? तुम्ही घेतला असता का?"

मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "असे जुने पलंग बाहेर किती आहेत आपले?" तिनं सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, कुठला भाग सारखा तुटतो, तो पुन्हा बनवायचा तर काय लागेल, फिटर किती लांबवर जातात. ती कुठेही न बघता उत्तरं देत होती. एकदा त्यांनी तिला अडवलं, "एक मिनिट, सावकाश सांगा, लिहून घेतोय." मी त्या सगळ्या वेळात भिंतीला चिकटून बसलो होतो. शेवटी ते "कळवतो" म्हणाले आणि चौकोन एकेक करून मिटले.

तिनं लॅपटॉप बंद केला आणि कपाळ टेबलावर टेकवलं.

"माझं चुकलं गं," मी म्हणालो. "मला वाटलं, तू विसरलीस."

"माझं मी तरी कुठे ठरवलं होतं, बाबा?" ती तशीच, टेबलात तोंड खुपसून बोलली. "म्हणूनच तुमच्याकडे बघितलं. म्हणू की नको? तुम्ही म्हणालात आणि मला ते बाहेरून ऐकू आलं. इतकं खोटं वाटलं!" मग मान वर करून घाईघाईनं म्हणाली, "तुमचा आवाज नाही हो. वाक्य."

हे तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं झालं होतं, ते मी बराच वेळ ठरवत बसलो. ती आत जाऊन पाणी प्यायली, दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला, मग कारण नसताना माझ्या कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला लागली. ती विषयवार लावलेली होती. मी लावू दिली.

दुपारी फोन वाजला. ती उभ्यानंच "हो सर, हो सर" करत राहिली. मला तिच्या तोंडावरून काही कळेना. फोन ठेवून ती कपाटाला टेकली.

"विभाग राहतोय. खिट्या पुन्हा बनवायला घेणार आहेत. आणि दुरुस्तीला जाऊ तिथे लोक जे बोलतील ते साहेबांना थेट कळवायचं. त्यांनी स्वतः सांगितलं, गोड करून नको."

मी नुसती मान हलवत राहिलो. तिनं लगेच कारखान्यात फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. मागे यंत्राची घरघर होती, कोणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं.

"मी बोलतेय. राहिलो आपण."

"काय?" थोरल्या फिटरचा आवाज आला. "ऐकू येत नाही मॅडम!"

"राहिलो म्हणते! विभाग राहिला!"

पलीकडे तो कोणावर तरी ओरडला. हातोडी थांबली. मग यंत्राची घरघर खाली खाली येत बंद झाली. त्यानं घसा साफ केला.

"त्या म्हातारीचं सांगितलंत काय?"

"सांगितलं."

"शिव्या गाळल्या असतील."

"नाही हो," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "शिव्यांवरच तर सगळं निभावलं!"